ओरेके दहापर्यंत मोजतात

"या माणसाचं एक आहे ना…"

दही-खोलीच्या दाराआडून दामेतकेनवहिनींची कुरकुर ऐकू आली. आवाज अगदी हळू होता, पण दाराबाहेर ओरेके उभे होते. हातात चहाचा पेला, कान फटीला. आणखी दोन सेकंद तसेच उभे राहिले असते तर पुढचा सगळा घोळ टळला असता. पण दोन सेकंद थांबणं ओरेकेंच्या अंगातच नव्हतं.

"कोणत्या माणसाचं?" दार ढकलून त्यांनी विचारलं.

आत चौघीजणी कुर्त वळत बसल्या होत्या. खारट दह्याचे लिंबाएवढे गोळे. वाळले की दगडासारखे होतात आणि प्रवासात दिवसभर गालात धरून चघळता येतात. ओरेकेंना पाहताच चौघींच्या माना खाली गेल्या आणि गोळे भराभर वळले जाऊ लागले.

"टँकरवाल्याचं," वहिनी म्हणाल्या.

"वाटलंच मला! त्याला आत्ताच बघतो."

आणि ते जिना उतरून गेलेसुद्धा. त्या दिवशी दुधाच्या टँकरवाल्याला इतकी बोलणी बसली की बिचारा दूध न ओतताच परत निघाला होता.

ओरेकेंचं पूर्ण नाव ओराझाली. मान देऊन बोलवायचं म्हणून सगळे ओरेके म्हणत. कझाकस्तानातल्या ताराझ शहराबाहेर त्यांची डेअरी होती, बेचाळीस माणसांची. त्यांच्या कुर्ताला आजूबाजूच्या तीन जिल्ह्यांत तोड नव्हती, आणि त्याचं सगळं श्रेय दामेतकेनवहिनींच्या मनगटाला होतं. त्या ओरेकेंच्या थोरल्या, वारलेल्या भावाच्या बायको. दह्याचं पाणी किती निथळू द्यायचं, मीठ कधी घालायचं, हे त्यांच्या बोटांनाच कळायचं. सासरच्या माणसाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही म्हणून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी या धाकट्या दिराचं नाव 'मिर्झा' ठेवलं होतं. दिराला आता सत्तावन्न पुरी झाली, पोट सुटलं, टक्कल पडलं, तरी वहिनींच्या तोंडी तो मिर्झाच.

तर अशा या वहिनींनी पंधरवड्यापूर्वी ओरेकेंच्या टेबलावर एक घडी केलेला कागद ठेवला होता. "नौरोजच्या सणाच्या आत उत्तर दे," इतकं म्हणून त्या वर निघून गेल्या. ओरेकेंनी घडी उघडली, पहिल्या ओळीवर नजर टाकली. 'मला दही-खोलीचं काम सोडायचं आहे.'  कागद त्यांनी टेबलाच्या खणात टाकला आणि खणाला कुलूप लावलं. जणू कागद कोंडला की बाई कोंडली.

वर्षभरात तीन माणसं गेली होती. विक्री बघणारी बाई दारात येऊन "ओरेके, मला शिमकेंतला जायचंय…" म्हणाली होती. "जा मग!" हे म्हणाले. ती गेली. हिशोबनीस गेला, गोठ्यावरचा डॉक्टर गेला. पण वहिनी गेल्या तर डेअरीत नुसतं दूधच उरलं असतं. आणि दूध काय, गायसुद्धा देते.

हे सगळं त्यांनी एकट्या मुलीला सांगितलं. अक्झिबेक डेअरीचं ऑफिस सांभाळायची. आई आस्तानात, थोरल्या बहिणीच्या बाळंतपणाला चाळीस दिवसांसाठी गेलेली, त्यामुळे सध्या घरही तिच्याच गळ्यात.

"आके," ती वडिलांना म्हणाली, "तुम्हाला कोच लागणार."

"कोच? या वयात मी कुस्तीच्या मैदानात उतरू?"

"कुस्तीचा नाही. मोठ्या कंपन्यांच्या मालकांना असतो तो. तो प्रश्न विचारतो आणि आपण…"

"प्रश्न माझ्याकडे ढीगभर आहेत. आणखी कशाला?"

"आके, चौथं माणूस चाललंय."

 ओरेकेंनी उठून कोट झटकला. "ठीक आहे. आण तुझा कोच. नौरोजपर्यंत असा मालक होऊन दाखवतो की वहिनी स्वतः येऊन तो कागद फाडतील. मला माणसं कळतात."

कोच निघाली बाई. अल्माटीची लारिसा त्सोई. कोरियन घराण्यातली, बारीक चणीची, संगणकाच्या पडद्यावर शांत बसलेली. तिने विचारलं, "ओराझाली झानुझाकोविच, तुम्हाला काय हवं आहे?"

ओरेके चाळीस मिनिटं बोलले.

"आणि?" तिने विचारलं.

ओरेके आणखी वीस मिनिटं बोलले. बोलून बोलून घशाला कोरड पडली तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या माणसांना तुमच्याबद्दल काय वाटतं?"

"उत्तम वाटतं."

"त्यांनी तसं सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं?"

लारिसा काहीच बोलली नाही. नुसती बघत राहिली. त्या शांततेत ओरेकेंना भिंतीवरचं घड्याळ पहिल्यांदा ऐकू आलं. आपल्या ऑफिसातलं घड्याळ इतकं वाजतं हे त्यांना अकरा वर्षांत कळलं नव्हतं.  खरं सांगायचं तर ती बाई आपलं काम चोख करत होती. पुढे जे झालं त्यात तिचा काडीचाही दोष नाही.

तिने गृहपाठ दिला. एकेका माणसाला एकट्याला गाठायचं आणि दोनच प्रश्न विचारायचे. माझ्याकडून तुम्ही कधी दुखावलात का? आणि मी काय बदलू? मग तोंड बंद. मनात दहापर्यंत मोजायचं. समोरचा बोलेपर्यंत एक शब्द काढायचा नाही.

ओरेकेंनी प्रश्न वहीत लिहून घेतले. पण कोचचे प्रश्न त्यांना फार कोरडे वाटले. आपल्या माणसांशी असं तपासणी करायला आल्यासारखं कोण बोलतं? त्यांनी त्यात जरा आपलं तूप घातलं.

पहिला नंबर ड्रायव्हर झुमागालीचा लागला. गाडी शिमकेंतच्या रस्त्याला होती. ओरेके दर आठवड्याला तिकडे दातांच्या डॉक्टरकडे जात. पुढचे तीन दात बदलायचं काम चाललं होतं, तोवर पेज आणि सूप यांवरच दिवस काढायचे होते. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती. बाहेर कळलं असतं तर दही-खोलीतल्या बायकांनी वर्षभर हसायला घेतलं असतं. आता झालं असं की त्या इमारतीत दात फक्त तळमजल्यावर होते. वरच्या तिन्ही मजल्यांवर बाकीचे सगळे मोठमोठे आजार होते. झुमागाली फाटकाबाहेर गाडीत बसून त्या पाट्या वाचायचा. आणि दर आठवड्याला बारीक होत जाणाऱ्या मालकाकडे बघायचा.

"झुमागाली," ओरेके म्हणाले, "इतकी वर्षं सोबत केलीस. माझ्याकडून काही उणंअधिक झालं असेल तर माफ कर बाबा. मनात काही ठेवू नकोस."

आता त्या मुलखात ही वाक्यं माणूस आयुष्यात एकदाच बोलतो. अंथरुणाला खिळला, पलीकडचा किनारा दिसू लागला, की एकेकाला जवळ बोलावून हेच म्हणतो. आणि समोरच्याने "राजी आहे", म्हणजे माझी काही तक्रार नाही, असं म्हटलं की मोकळा होतो. ओरेकेंनी आपल्या वडिलांच्या तोंडून हे ऐकलं होतं, थोरल्या भावाच्याही. पण जो दुसऱ्याचं ऐकत नाही तो स्वतःचं तरी कुठे ऐकतो? ते आपले मनातल्या मनात मोजायला लागले. एक, दोन, तीन.

चारला गाडी रस्ता सोडून गव्हाच्या शेतात गेली. सातला थांबली. दहाला झुमागालीने त्यांना कवेत घेतलं आणि हमसाहमशी रडू लागला. "राजी आहे, ओरेके. मी राजी आहे. तुम्हीही माझ्यावर राजी असा."

"आणि मी काय बदलू?"

"काही नका बदलू. आता कशाला बदलायचं?"

ओरेकेंचा ऊर भरून आला. इतका साधा गृहपाठ आणि इतका गुण! शेतातून गाडी ढकलता ढकलता ते म्हणाले, "आपण डॉक्टरकडे जातो हे कोणाला बोलू नकोस हां."

झुमागालीने शपथ घेतली. ती त्याने पाळलीही. संध्याकाळी तो फक्त गेटवरच्या माणसासमोर बसून रडला. कारण काही सांगितलं नाही. पण कारण न सांगता रडल्यावर मग सांगायचं काय उरतं?

आठवड्याभरात ओरेकेंनी चौदा माणसं गाठली. चौदाच्या चौदा म्हणाली, "राजी आहोत." पाश्चराइजरवरच्या माणसाने तर ओरेकेंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला सगळ्यांसमोर गाढव म्हणालात, ते बरोबरच होतं." झाडलोट करणाऱ्या बाईने घरून मध आणून दिला. कोणी दार आपटेना, कोणी उशिरा येईना. ओरेके जिन्यावरून जाताना बोलणी थांबत आणि माणसं बाजूला होऊन असं काही बघत की ओरेकेंना वाटे, हाच तो आदर, यालाच लोक नेतृत्व म्हणतात.

अक्झिबेकलाही बायका येताजाता गालावरून हात फिरवून जात. तिला वाटलं, माझा साखरपुडा मोडल्याचं यांना कुठून कळलं? 

"चौदापैकी चौदा!" ओरेकेंनी पडद्यावर जाहीर केलं. "कोणाचीही माझ्याबद्दल तक्रार नाही. उलट रडले सगळे."

लारिसाच्या कपाळाला आठी पडली. "रडले? पहिल्याच आठवड्यात?"

"आमची माणसं फार मायाळू आहेत."

"आणि काय बदलायचं, ते कोणीच सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. काही बदलू नका म्हणाले."

लारिसाने पुष्कळ वेळ काही लिहिलं. मग दुसरा गृहपाठ दिला. तुम्ही जे स्वतःच्या मुठीत धरून ठेवलंय त्यातलं दुसऱ्यांच्या हातात काय देता येईल?

झालं. ओरेकेंनी थंड कोठीच्या किल्ल्या झुमागालीला दिल्या. डेअरीचा शिक्का अक्झिबेककडे दिला, आणि "आता तुलाच सगळं बघायचंय" असंही वर म्हणाले, चांगलं चारचौघांत. शेवटी ते ऑफिसच्या भिंतीवरची टोपी उतरवून दही-खोलीकडे निघाले. कोल्ह्याच्या कातड्याची, कानांवर येणारी, थोरल्या भावाची टोपी. भाऊ गेल्यापासून ती त्यांनी कोणाला हात लावू दिली नव्हती. एकदा वहिनींनी मागितली होती. तेव्हा "बघू" म्हणून यांनी विषय बदलला होता.

दही-खोली तिसऱ्या मजल्यावर होती. कुर्त वाळायला वारा लागतो म्हणून. वहिनी खिडकीशी एकट्याच बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी ठेवून. ओरेकेंनी टोपी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"वहिनी, ही तुमची. आधीच द्यायला हवी होती. माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा."

एक, दोन, तीन, चार. वहिनी टोपीच्या केसांवरून हात फिरवत होत्या. सात. आठ. नऊपर्यंत येता येता ओरेकेंच्या नाकावर घाम आला, पण त्यांनी तोंड उघडलं नाही.

"मिर्झा," वहिनी म्हणाल्या. "राजी आहे रे मी. तो कागद विसर तू. मी कुठे जात नाही. तू आहेस तोवर मी आहे. चढीन मी जिने."

ओरेके जिना उतरले ते जवळजवळ तरंगतच. कुठले जिने, कशाला चढायचे, हे विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. वहिनी राहिल्या होत्या! नौरोजला चांगले पाच दिवस बाकी होते आणि सामना जिंकला होता. त्यांनी लारिसाला निरोप पाठवला की शुक्रवारी सगळ्यांची बैठक आहे, तुम्हीही बघा, कामाचं फळ कसं दिसतं ते.

शुक्रवारी डेअरीच्या अंगणात सगळी जमली. तळलेल्या पोळ्यांचा खमंग वास सुटला होता. सात पोळ्या, गेलेल्यांच्या नावाने शुक्रवारी तळतात तशा. ओरेकेंनी नवे दात आजमावत त्यातल्या तीन हादडल्या. बायका पदराने, म्हणजे डोक्याच्या रुमालाच्या टोकाने, डोळे टिपत होत्या. गावाकडून चुलतभाऊ एगिझबाय आला होता, तोही मालट्रक घेऊन. ट्रकच्या हौद्यात एक धष्टपुष्ट घोडी उभी होती.

"जागा बघून ठेवलीय मी," एगिझबाय ओरेकेंच्या कानाशी येऊन म्हणाला. "टेकडीवर. थोरल्याच्या शेजारी. मोकळी हवा आहे."

नव्या कोठारासाठी जागा शोध म्हणून ओरेकेंनी त्याला मागच्या वर्षी सांगून ठेवलं होतं. "ट्रक वर चढेल ना?"

एगिझबायने ट्रककडे बघितलं. "चढवू. खांद्यावरून न्यायचं ठरलं होतं, पण तू म्हणतोस तर ट्रक."

"आणि पाण्याचं?"

"पाणी…" एगिझबाय घोडीकडे तोंड वळवून उभा राहिला.

ओरेके पायरीवर चढले. अक्झिबेकने फोन उंच धरला होता, त्यात लारिसाचा चेहरा काडेपेटीएवढा दिसत होता. "मित्रहो," ओरेकेंनी सुरुवात केली, "गेल्या तीन आठवड्यांत मला जे कळलं ते सत्तावन्न वर्षांत कळलं नव्हतं." कोणीतरी हुंदका दिला. "आता मी अगदी हलका झालोय." आणखी चार हुंदके. ट्रकमधली घोडी खिंकाळली. मग ओरेकेंची नजर तिच्यावर गेली.

"ही घोडी कशाला आणलीय?"

 झुमागाली बुटांकडे बघू लागला. पाश्चराइजरवाल्याने आकाशाकडे बघितलं. एरवी ओरेकेंनी एव्हाना स्वतःच उत्तर देऊन टाकलं असतं. पण आता ते शिकलेले होते. हात मागे बांधून मोजू लागले. एक. दोन. तीन. घोडीने शेपटीने माशी हाकलली. सहा. सात.

"ओरेके, तुम्ही चाललाय म्हणून," झुमागालीचा बांध फुटला. "एवढ्या पाहुण्यांना घोड्याचं मांस नको का वाढायला?"

"कुठे चाललोय?"

झुमागालीने आभाळाकडे बोट केलं.

ओरेके पायरीवर उभे होते तसेच उभे राहिले. आपणच बोललेली वाक्यं आता एकेक करून त्यांच्या कानात शिरत होती. माफ कर बाबा. मनात ठेवू नकोस. अगदी वडिलांच्या आवाजात. मग डॉक्टर, पेज, किल्ल्या, शिक्का, टोपी. आणि टेकडीवरची ती हवेशीर जागा. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल झाला. मग त्यांनी दोन्ही हातांनी ओठ वर-खाली ओढले आणि सगळ्या अंगणाला दाखवले.

"दात! दात बसवून घेत होतो मी!"

तीन पांढरेशुभ्र दात उन्हात चमकले.  मग झाडलोट करणारी बाई हसली, आणि एकदा ती हसल्यावर अंगणात जो गलका उठला तो म्हणे रस्त्यापलीकडच्या शाळेपर्यंत ऐकू गेला. माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. झुमागालीने ओरेकेंना उचलून दोन गिरक्या घेतल्या. एगिझबाय घोडीच्या मानेला बिलगून "जगलीस गं बाई" म्हणत होता. फोनमध्ये लारिसा डोकं धरून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. पाश्चराइजरवाला तेवढा म्हणाला, "मग ते गाढवाचं मी परत घेतो."

ओरेकेंना हे सगळं फार आवडलं. चाळीस माणसं आपण जगलो म्हणून नाचतात, हे किती मालकांना बघायला मिळतं?

पण दामेतकेनवहिनी नाचत नव्हत्या. टोपी छातीशी धरून त्या पुढे आल्या.

"म्हणजे तू काही इतक्यात मरत नाहीस."

"नाही, वहिनी."

"मग मी दिलेला शब्दही परत. जिने आता माझ्याच्याने होत नाहीत. माझ्या कागदाचं उत्तर दे. टोपी मात्र मिळायची नाही."

 ओरेकेंचं तोंड उघडलं. वहिनी, तुम्ही गेलात तर, असं काहीतरी ओठांपर्यंत आलं. त्यांनी ते गिळलं. अक्झिबेक त्यांच्याकडून किल्ली घेऊन धावत गेली आणि खणातला कागद घेऊन आली.

"वाच," वहिनी म्हणाल्या.

"मला दही-खोलीचं काम सोडायचं आहे," ओरेकेंनी पडेल आवाजात वाचलं आणि कागदाची घडी घालू लागले.

"पुढे."

"पुढे?"

"मिर्झा, कागदाला खालीही अंग असतं."

ओरेकेंनी घडी उघडली. 'मला दही-खोलीचं काम सोडायचं आहे,' त्यापुढे स्वल्पविराम होता, आणि स्वल्पविरामाखाली आणखी तीन ओळी. 'असं रोज वाटतं, कारण गुडघे तीन मजले चढू देत नाहीत. वळायची खोली तळमजल्याच्या जुन्या गोदामात आणलीस तर वाळवायला पोरी गोळे वर नेतील, आणि माझे हात चालतात तोवर मी राहीन.'

ओरेकेंनी ते दोनदा वाचलं. इतके दिवस ज्या कागदाच्या भीतीने ते हातपाय गाळून बसले होते, त्या कागदात एक बाई राहायला तयार असल्याचं लिहिलं होतं. त्यांना एकदम शिमकेंतला गेलेली विक्रीवाली बाई आठवली. ती काय म्हणत होती पुढे? कदाचित फक्त दोन दिवसांची रजा मागत होती.

"गोदाम उद्याच…" त्यांनी सुरुवात केली, आणि वहिनींचा हात वर गेलेला पाहून थांबले.

"या माणसाचं एक आहे ना…" वहिनी म्हणाल्या आणि सवयीने गप्प झाल्या. आजवर इथूनच तर तो तोडायचा. त्यांनी दिराकडे पाहिलं. दही-खोलीतल्या पोरींनी पाहिलं. अख्ख्या अंगणाने पाहिलं. फोन धरलेला अक्झिबेकचा हात हवेतच राहिला.

ओरेकेंचे ओठ घट्ट मिटलेले होते. पाठीमागे बांधलेल्या हातांची बोटं एकेक करून दुमडत होती. पाच. सहा. सात. मान लाल झाली, कपाळाची शीर ताठ झाली, नव्या दातांखाली जीभ सापडली, पण एक शब्द बाहेर आला नाही. नऊ. दहा. अकरा.

"या माणसाचं एक आहे," वहिनींनी सावकाश, एकेका शब्दाला खुर्ची देत म्हटलं, "मनाने लोण्यासारखा आहे, म्हणून बेचाळीसजणांपैकी एकालाही तोंडावर सांगवलं नाही, पण जन्मात कधी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही."